आपोआप आलेली नजर

मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला ऑपरेशन न करताच पुन्हा दिसायला लागलं, असं कुणी सांगितलं की शिकलेली माणसं हसतात आणि बाकीची हात जोडतात. मला दोन्हींचा कंटाळा आहे. वर्धा जिल्ह्यात मी नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी केली. पदाचं नाव भारदस्त असलं तरी मी डॉक्टर नव्हे. नजर मोजायची, चष्म्याचा नंबर काढायचा, शाळेच्या व्हरांड्यात भरणाऱ्या शिबिरात टॉर्च मारून मोतीबिंदू ओळखायचा आणि ऑपरेशनच्या गाडीत माणूस बसवून द्यायचा, हे माझं काम. आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर असं फिरताना "माहा मोतीबिंदू आपोआप बरा झाला" हे वाक्य कानावर वरचेवर यायचं. सांगणारे खोटं बोलत नसत. त्यांना खरंच दिसायला लागलेलं असायचं. ते का दिसायला लागलं, हे शोधणं मात्र कुणालाच नको असायचं. मी मात्र शोधत राहिलो. त्या शोधातून जे हाती लागलं ते इथे लिहितो.

१. आधी विचारा, काय दिसते?

कारंज्याकडच्या एका शिबिरात एक आजी यादीतून नाव काढायला आल्या. "माहं नाव कापा जी. मले आता बिगर चष्म्याचं वाचता येते." पिशवीतून शिवलीलामृताची पोथी काढून त्यांनी अकरावा अध्याय घडाघडा वाचून दाखवला. हा अध्याय पाठ असलेल्या बायका आमच्याकडे पुष्कळ. म्हणून मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्या मागच्या पानावरचा बारीक मजकूर पुढे धरला. आजींनी तोही वाचला. एके काळी चष्म्याशिवाय तांदळातला खडा न दिसणारी बाई! जमलेल्या बायका चकित झाल्या आणि त्यातल्या दोघी-तिघी आपलंही नाव कापायला पुढे सरकल्या.

मग आजींना 'ई'च्या तक्त्यासमोर बसवलं. अक्षरओळख नसली तरी चालतं, 'ई'ची बोटं कुठल्या दिशेला आहेत ते हाताने दाखवायचं असतं. सहा मीटरवरून त्यांना सगळ्यांत वरचा, सगळ्यांत मोठा 'ई' तेवढा कळला. म्हणजे नजर ६/६०. निरोगी डोळ्याला जे साठ मीटरवरून दिसतं, ते पाहायला यांना सहा मीटरवर यावं लागतं. मी विचारलं, फाट्यावर एस.टी. आली की बोर्ड वाचता येतो का? "तो पोरगा वाचते." रस्त्याने समोरून जाऊबाई आल्या तर? "आवाज आला का समजते."

जवळचं आलं होतं आणि दूरचं गेलं होतं. आजींनी फक्त आलेलं मोजलं होतं.

२. चाळिशी सुटली, याचा हिशेब असा आहे

डोळ्यातलं भिंग जन्मभर वाढत असतं. बाहेरच्या बाजूने नवे थर चढतात आणि जुने थर गळून न पडता आत आत दाबले जातात. कांद्याचा गाभा जसा घट्ट, तसा भिंगाचाही गाभा वयानुसार घट्ट होत जातो. हा गाभा कडक आणि पिवळट होऊ लागला की त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. मोतीबिंदूचा हा एक प्रकार झाला, इतरही आहेत. घट्ट झालेला गाभा प्रकाश जास्त वळवतो, भिंगाची ताकद वाढते आणि डोळ्याला उणे नंबर लागतो.

आता गणित पाहा. उणे अडीच नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय किती अंतरावर स्वच्छ दिसेल? १०० ला २.५ ने भागा. ४० सेंटिमीटर. पोथी मांडीवर धरल्यावर ती डोळ्यांपासून बरोबर तेवढीच लांब असते. साठीतल्या माणसाला वाचायला साधारण अधिक अडीचचा चष्मा लागतो. मोतीबिंदूने उणे अडीच दिले आणि वाचायचा चष्मा फिटला. वैद्यकातल्या जुन्या पुस्तकांत याला 'सेकंड साइट' म्हणतात आणि नेत्रतज्ज्ञाला त्यात काही नवल वाटत नाही. गावाला वाटतं, आणि वाटणारच.

ही नजर टिकते किती? काहींची काही महिने, काहींची दोनेक वर्षं. गाभा घट्ट होत राहतो, उणे अडीचचे पाच होतात, पाचाचे आठ. पाचाला पोथी २० सेंटिमीटरवर यावी लागते, आठाला तर साडेबारावर. पोथी नाकाशी येऊ लागली की घरचे म्हणतात, आजीची नजर अचानक गेली. अचानक काहीच झालेलं नसतं.

इथे माझं मत शिबिराच्या शिरस्त्याहून थोडं वेगळं आहे. अशा माणसाला घाबरवू नये. हा मोतीबिंदू कच्चा आहे, डोळ्याला धोका नाही, आणि बाईचं जग जर घर, अंगण नि पोथी एवढंच असेल तर तिने वर्ष-सहा महिने थांबायला हरकत नाही. दूरसाठी उणे नंबरचा चष्मा दिला तर तिला एस.टी.चा बोर्डही पुष्कळदा वाचता येतो. पण दुचाकी चालवणारा, विहिरीवर पाणी ओढणारी, नागपूर-वर्धा रस्ता रोज ओलांडणारा, यांची गोष्ट निराळी. त्यांना जवळचं दिसण्याचा काय उपयोग?

३. आभाळ आलं की सुधारणारे डोळे

आषाढात येऊन "आता बरं दिसते" म्हणणारा आणि चैत्रात येऊन "पार गेलं" म्हणणारा माणूस एकच असू शकतो. काहींचा मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या बाजूला, बरोबर मध्यभागी होतो. कडक उन्हात बाहुली बारीक होते आणि तो मधला डागच तेवढा वाटेत राहतो. ढग आले, संध्याकाळ झाली, घराच्या सावलीत गेलं की बाहुली मोठी होते आणि डागाच्या कडेने प्रकाश आत शिरतो. वर्ध्याच्या उन्हाळ्यात दुपारी वावरात उभ्या माणसाला समोरचा बैल दिसत नाही आणि तोच माणूस सांजच्याला गोठ्यात सगळं नीट करतो. सून म्हणते, "सोंग आहे." सोंग नसतं.

तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब टाकले की अशा माणसाला काही तास चांगलं दिसतं. मग तो "तेच थेंब लिहून द्या" म्हणून हटून बसतो. त्या थेंबांनी मोतीबिंदूला काहीही झालेलं नसतं आणि काहींच्या डोळ्यात तर त्यांनी दाब वाढण्याची भीती असते.

या प्रकाराबद्दल आणखी एक. तो चाळिशी-पन्नाशीतही दिसतो आणि तेव्हा मी हटकून विचारत असे: दम्यासाठी, सांधेदुखीसाठी, अंगाच्या खाजेसाठी कुठली गोळी वर्षानुवर्षं चालू आहे का? डोळे लाल होतात म्हणून मेडिकलमधून आणलेले थेंब? पुष्कळदा स्टिरॉइड असतं त्यात. मोतीबिंदूही आणतं, काचबिंदूही आणतं, आणि पहिल्या आठवड्यात इतकं बरं वाटतं की माणूस ती बाटली उशाशी ठेवतो.

४. साखर उतरली की नंबर उतरतो

मधुमेह बेफाम असेल तर भिंगात पाणी शिरतं आणि नंबर बदलतो. औषध सुरू झालं, साखर खाली आली की काही आठवड्यांत तो पुन्हा बदलतो. या काळात 'नजर आली', 'नजर गेली' दोन्ही ऐकायला मिळतं. साखर महिना-दीड महिना स्थिर राहिल्याशिवाय चष्मा करू नये, हा साधा नियम. तो पाळला नाही की घरात तीन चष्मे होतात आणि एकही लागत नाही.

भिंगाचा धूसरपणा खऱ्या अर्थाने ओसरतो, अशी उदाहरणं अगदी थोडी आहेत. तरुण वयात एकदम भडकलेल्या मधुमेहात सुरुवातीचा धूसरपणा साखर ताब्यात आल्यावर कधी कधी कमी होतो. दुसरं उदाहरण नवजात बाळांचं. काही बाळांच्या शरीरात दुधातली गॅलॅक्टोज ही साखर पचवणारं द्रव्यच नसतं. त्यांना पहिल्या दिवसांतच मोतीबिंदू होऊ लागतो आणि वेळेत ओळखून दूध तोडलं, अगदी आईचंही, तर तो मागे फिरू शकतो. हा आजार दुर्मीळ आहे. म्हाताऱ्या माणसाच्या पिकलेल्या भिंगाशी याचा काही संबंध नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण वाचून कुणीतरी आजोबांचं दूध बंद करेल.

५. भिंग पडतं तेव्हा

आता खरी नवलाची गोष्ट.

समुद्रपूर तालुक्यातले एक आबाजी. एका डोळ्याला आधीच काही दिसत नव्हतं, दुसऱ्यात मोतीबिंदू कित्येक वर्षं पांढरा होऊन बसलेला. टॉर्च मारला की फक्त उजेड कळायचा. ऑपरेशनला दर हंगामात नवं कारण. आधी कापूस वेचायचा, मग तूर, मग नातीचं लग्न. एक दिवस पहाटे उठले आणि नातू अंगणात हिंडताना दिसला. चेहरा नाही, पण आकार, रंग, हालचाल. सगळं गाव गोळा झालं. गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांना कुणीतरी नवस बोललं होतं, त्यामुळे कारण शोधायची गरजच उरली नव्हती.

मी टॉर्च मारला. जिथे पांढरा ठिपका असायचा, तिथे बाहुली काळीभोर. आबाजींना डावी-उजवीकडे पाहायला सांगितलं, तर बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा डोळा हलला की थरथरत होता. या पडद्याला मागून भिंगाचा आधार असतो आणि आधार गेला की तो असा कापतो. माझ्या पेटीतली अधिक दहाची काच डोळ्यापुढे धरली. आबाजी गप्प झाले, मग नातवाच्या शर्टाच्या गुंड्या मोजू लागले.

भिंग डोळ्यात बारीक तंतूंनी चारी बाजूंनी टांगलेलं असतं. मोतीबिंदू गरजेपेक्षा फार पिकला की हे तंतू कुजल्यासारखे कमकुवत होतात. मग एखाद्या झटक्याने, कधी झटक्याशिवायही, ते तुटतात आणि अख्खं भिंग डोळ्याच्या मागच्या पोकळीत जाऊन पडतं. वाट मोकळी होते. प्रकाश आत येतो, पण तो एकवटायला भिंग नाही, म्हणून सगळं धूसर. जाड चष्म्याने ते नीट होतं. ज्याला तरुणपणापासून फार मोठ्या उणे नंबरचा चष्मा होता, अशा माणसाला तर भिंग पडल्यावर चष्म्याशिवायही बऱ्यापैकी दिसतं. तो चमत्कार आणखीच मोठा वाटतो.

भिंग खाली गेलं की दिसतं, हे आपल्याकडे फार जुनं ज्ञान आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, सतराव्या अध्यायात, हीच गोष्ट हाताने घडवून आणायची रीत दिली आहे. रोग्याने आपल्या नाकाकडे पाहायचं. वैद्याने उजव्या हाताने डावा डोळा आणि डाव्या हाताने उजवा डोळा जवाच्या टोकासारख्या शलाकेने वेधायचा. रोग्याला रूप दिसू लागलं की शलाका काढायची. नंतर शिंक, खोकला, ढेकर सांभाळायचे. शलाकेने भिंग बाजूला सारण्याची ही विद्या जगभर शतकानुशतकं चालली. १७४७ मध्ये फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल याने भिंग ढकलून न देता डोळ्याबाहेर काढलं, तेव्हापासून हळूहळू ती मागे पडली. मागे पडण्याचं कारण रोग्याला पहिल्या दिवशी दिसत नव्हतं. भिंग मागे पडून राहिलं की पुढे डोळ्यात दाह होतो, दाब चढतो, नेत्रपटल सुटू शकतं. त्या पहाटे जे आबाजींना मिळालं, तेच शलाकेच्या रोग्यालाही मिळत असे, आणि पुढचं देणंही तेच.

सुश्रुताबद्दल मला आदर आहे. पण त्याच्या नावाने कुणी आज डोळ्यात सुई घालायला निघाला, तर पोलिसांना बोलवावं.

भिंग जागेवरून न हलताही अशी नजर येऊ शकते. फार पिकलेल्या मोतीबिंदूत भिंगाचा बाहेरचा भाग विरघळून दुधाळ पाणी होतो आणि आतला तपकिरी गाभा त्यात खाली बसतो. मान हलवली की गाभाही हलतो. अठराव्या शतकातल्या पादुआच्या मोर्गान्यी या शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने हा मोतीबिंदू ओळखला जातो. ते पाणी हळूहळू शोषलं गेलं आणि गाभा बाहुलीच्या खाली राहिला, तर त्याच्या वरून थोडा प्रकाश आत येतो. माणूस म्हणतो, कडेने दिसायला लागलं. लहान मुलाच्या डोळ्यात पऱ्हाटीची काडी किंवा बाभळीचा काटा लागून भिंगाची पिशवी फाटली, तर भिंगाचा मऊ गर कधी कधी असाच शोषून जातो आणि बाहुली काळी होते. आई-बाप समजतात, जखम भरली. मुलाच्या डोळ्यात भिंगच उरलेलं नसतं आणि लहानपणी त्या डोळ्याला वेळेत योग्य नंबर दिला नाही, तर मेंदू तो डोळा वापरायचं सोडून देतो. मोठेपणी मग कुठलंही ऑपरेशन कामाला येत नाही. म्हाताऱ्याच्या चमत्कारापेक्षा मला मुलाच्या चमत्काराची धास्ती जास्त.

आबाजींना मी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात पाठवलं. "दिसते तं कायले जाऊ?" हा त्यांचा प्रश्न वाजवी होता. मी सांगितलं, भिंग गेलेलं नाही, आतच आहे, आणि ते कुठे बसलंय हे पाहायला माझ्या टॉर्चचा उजेड पुरत नाही.

६. पित्ताची गोळी

फार पिकलेल्या भिंगातून प्रथिनं झिरपतात, डोळ्यातलं पाणी वाहून जायची जाळी बुजते आणि दाब चढतो. डोळा लाल होतो, कपाळ फुटायची वेळ येते, उलट्या सुरू होतात. उलट्या म्हटलं की आमच्याकडे पित्त. दोन दिवस लिंबू-पाणी आणि पित्ताची गोळी चालते. तिसऱ्या दिवशी दुखणं जरा कमी होतं, पण टॉर्चचा उजेडही कळेनासा झालेला असतो. मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने येते. दाबाने नस मेली तर येत नाही, कुठल्याही शहरात, कितीही पैशात. पांढऱ्या डोळ्याचा माणूस घरात असेल आणि त्याला डोकेदुखीसह उलट्या लागल्या, तर त्याला त्याच रात्री डोळ्याच्या दवाखान्यात न्यावं. सकाळच्या गाडीची वाट पाहू नये.

७. थेंबांनी विरघळत नाही

मध, पांढऱ्या कांद्याचा रस, गुलाबपाणी, बाळंतिणीचं दूध, काय काय डोळ्यात घातलेलं पाहिलं. रुईचा चीक सगळ्यांत वाईट, तो थेट बुबुळ जाळतो. बाटलीतले 'मोतीबिंदू विरघळवणारे' थेंब दिसायला सभ्य असतात आणि महाग असतात, एवढाच फरक. २०१५ मध्ये लॅनोस्टेरॉल या द्रव्याने कुत्र्यांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू कमी झाल्याचं 'नेचर' या नियतकालिकात आलं आणि जगभर गाजावाजा झाला. नंतर माणसाच्या काढलेल्या भिंगांवर ते वापरून पाहिलं, तर फरक पडला नाही. उद्या एखादा थेंब निघेलही, मी त्याच्या वाटेत उभा नाही. आज बाजारात आहे त्यातला एकही नाही.

थेंब विकणाऱ्यांना गिऱ्हाईक का मिळतं, हे मी जवळून पाहिलंय. पहिल्या मुद्द्यातल्या आजींसारखी बाई थेंब टाकत असतानाच तिची चाळिशी सुटते, आणि श्रेय बाटलीला जातं. मग ती बाटली शेजारच्या पाच घरांत फिरते.

आमच्या जिल्ह्यात निसर्गोपचाराला मान आहे आणि त्याचं कारण उघड आहे. गांधीजींचं सेवाग्राम इथे, पवनार इथे. पण ऑपरेशन नको म्हणताना कुणी गांधीजींचं नाव घेतलं की मी १९२४ सालची आठवण देत असे. तुरुंगातून गांधीजींना पुण्याच्या ससूनमध्ये आणलं आणि कर्नल मॅडॉक यांनी त्यांचं अपेंडिक्स काढलं. मध्येच वीज गेली आणि उरलेलं ऑपरेशन कंदिलाच्या उजेडात झालं. गांधीजींनी त्या इंग्रज डॉक्टरचे आभारच मानले. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय त्यांच्याच हयातीत सुरू झालं. पुढे आसपासच्या गावांतली माणसं पीक निघालं की ज्वारी देऊन तिथे आपला आरोग्य विमा उतरवत. ज्वारी घेऊन ऑपरेशन करणाऱ्या दवाखान्याच्या दारात राहून रुईचा चीक घालणं मला कधी समजलं नाही.

८. 'पिकू द्या' हा सल्ला आता पिकून गळाला आहे

एके काळी तो खरा होता. जुन्या पद्धतीत भिंग अख्खं काढत आणि पिकलेलं भिंग सहज निघे. नंतर जन्मभर अधिक दहाचा चष्मा. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर त्या चष्म्यातून वस्तू पाव पटीहून अधिक मोठी दिसे, दुसऱ्या डोळ्याशी मेळ बसत नसे आणि माणसाला एकाचे दोन दिसत. म्हणून दोन्ही डोळे जाईपर्यंत थांबायचं. १९४९ मध्ये लंडनला हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. आपल्याकडे ते शिबिरांपर्यंत पोचायला १९९० चं दशक उजाडलं. आता भिंग बसतं, आणि कच्च्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पिकलेल्यापेक्षा सोपं जातं. गणित उलटलं, सल्ला मात्र तोच राहिला. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या आंधळेपणातला ६६.२ टक्के वाटा मोतीबिंदूचा निघाला. सरकारी कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, ऑपरेशन फुकट आहे. यातला किती वाटा पैशाचा आणि किती 'पिकू द्या'चा, याचा हिशेब मी मांडलेला नाही.

उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करू नये, हाही त्याच जातीचा समज. पंखे नसलेल्या तंबूत शिबिरं भरत तेव्हाचा.

९. एक डोळा झाका

डावा गेला आहे हे कित्येकांना ठाऊकच नसतं, कारण उजवा चालतो. मग एक दिवस उजवा दुखतो, त्यावर पट्टी बसते आणि बोंब होते की डावा अचानक गेला. याउलट उजव्याला चष्मा मिळाला की "डावा सुधारला" असंही सांगतात. महिन्यातून एकदा, चहा पिता पिता, एक डोळा तळव्याने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर पाहावं, मग दुसरा. बोटांनी झाकू नका, फटीतून दिसतं.

१०. निळीचा वाद

सेलूच्या एका काकूंनी ऑपरेशननंतर सुनेशी भांडण काढलं: पांढऱ्या कपड्यांना इतकी नीळ का घालते? सून रडकुंडीला. नीळ तेवढीच होती. पिवळ्या पडलेल्या भिंगाने निळा रंग वर्षानुवर्षं अडवून धरला होता, तो आता मोकळा झाला. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं आणि त्यांनाही रंगांचा असाच घोळ पडला होता. हे सांगून सुनेची बाजू घेता आली. मोने कोण, हे काकूंनी विचारलं नाही.

११. कुठलं पाहायचं ते आधी सांगा

हे फार थोडे सांगतात, म्हणून लिहितो. चाळिशी सुटलेल्या माणसाचं ऑपरेशन झालं की त्याची ती फुकटची वाचायची नजर जाते. बसवायचं भिंग बहुधा दूरच्या नजरेसाठी मोजलेलं असतं. दूरचं लख्ख होतं आणि वाचायला पुन्हा चष्मा लागतो. "ऑपरेशन केलं आणि चष्मा लागला" ही तक्रार घेऊन बाई घरी जाते आणि पुढे दहा जणींना ऑपरेशनपासून तोडते. तिचं चुकत नाही. तिला कुणी विचारलेलंच नसतं.

भिंगाची ताकद ऑपरेशनआधी मोजून ठरते. ती अशीही ठरवता येते की जवळचं चष्म्याशिवाय दिसावं आणि दूरसाठी चष्मा लागावा. डॉक्टरांना हे मोजणीच्या दिवशीच सांगायला हवं, टेबलावर झोपल्यावर सांगून उपयोग नाही. दोन्ही डोळ्यांचा आणि कामधंद्याचा विचार करून ते सल्ला देतात. शिबिराच्या गर्दीत प्रत्येकासाठी हे जमतंच असं नाही, पण विचारायला काही पडत नाही.

पोथीवाल्या आजी वर्षभराने स्वतःहून आल्या, तेव्हा पोथी नाकाशी आली होती. मी त्यांना हे समजावून सांगितलं आणि विचारलं, जवळचं पाहिजे का दूरचं? त्या विचारात पडल्या. सोबत त्यांचे मालकही मोतीबिंदूसाठीच आले होते. त्यांना विचार करावा लागला नाही. "हिले पोथीचं द्या जी. मले दूरचं द्या. रात्री जागलीले जातो, डुक्कर धुऱ्यावर आहे का वावरात शिरलं, ते तं दिसाले पाहिजे."

चिठ्ठीवर दोघांचंही तसंच लिहून दिलं.